खिडकीतला कप

नागपूर, २२ डिसेंबर

ती. बाबांना निकिताचा नमस्कार.

मी बरी आहे. इथे थंडी फार आहे, पण स्वेटर घालते.

यंदाच्या नव्या ख्रिसमस सिनेमांवर मी लिहिलेल्या परीक्षणाचं कात्रण नेहमीप्रमाणे सोबत आहे. या वेळी मात्र ते वहीत चिकटवू नका.

एका सिनेमात बायको वारलेला म्हातारा नाताळच्या जेवणाला तिचंही ताट मांडतो. ‘असं कोणी करत नाही, उगाच रडवतात,’ असं मी लिहिलं. छापून आल्यावर आठवलं, आई गेल्यापासून तुम्ही अजूनही सकाळी दोन कप चहा टाकता आणि तिचा कप खिडकीत ठेवता.

गुडघा कसा आहे? रविवारी सातपूरला घरी येते आहे. चहा तीन कप टाका.

तुमची,
निकिता