तफीदाचा उपडा कप

अलेक्झांड्रिया, अत्तारीन
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय हाज्जा बहीजा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा इद्रीस याचा मनापासून सलाम. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो, कारण गेल्या ईदला त्यांनीच तुम्हांला दमनहूरहून इकडे येऊ दिलं नाही. तिळाचं तेल कोमट करून चोळत जा, आणि जिना चढताना उजवा पाय आधी टाका (डॉक्टर काहीही म्हणोत, त्याचे गुडघे अजून कोवळे आहेत). गच्चीवरची कबुतरं बरी आहेत ना? तो पांढरा नर अजून शेजारणीच्या गच्चीवर जाऊन बसतो का? बसत असेल तर त्याला फार बोलू नका, शेजारीण दाणा सढळ हातानं टाकते. माझं म्हणाल तर दोन दात कमी झाले, बाकी अल्लाची मेहेरबानी. दुकान चालू आहे, म्हणजे उघडं असतं. तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावून घेणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले, तरी भट्टी मी रोज पेटवतो. नाहीतर गल्लीला वाटायचं, म्हातारा गेला.

पत्राला विशेष कारण नाही. सहज लिहितो आहे. लिहिता लिहिता एक गंमत सांगतो.

एनएफटी नावाची एक वस्तू निघाली आहे. वस्तू म्हणालो ते चुकलं. हैसम म्हणतो ती वस्तूच नाही. हैसम म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, तोच, जो तुमच्या सनिय्याच्या लग्नात सुटाबुटासकट कारंज्यात पडला होता. आता बत्तीस वर्षांचा घोडा झाला आहे आणि नोकरी म्हणून मोबाईलकडे बघतो. तर तुमची बहीण, आपली तफीदा, लोकांचे कॉफीचे कप वाचून भविष्य सांगायची तेव्हा हा बाजूला बसून त्या कपांचे फोटो काढायचा, आठवण म्हणून. तिच्या शेवटच्या तीन वर्षांत त्यानं एक्केचाळीस कप टिपले. कॉफी पिऊन झाली, कप बशीवर उपडा केला, गाळ ओघळून आतल्या भिंतीवर रस्ते, मासे, पक्षी उमटले, की टिपलाच फोटो. ते सगळे त्यानं यंदा वसंतात एनएफटी करून विकायला काढले. मला म्हणाला, "मामा, जगात दोन कप सारखे नसतात. लोकांना असंच हवं असतं, एकमेव."

मी त्याला शांतपणे विचारलं, चित्र जातं कोणाकडे? म्हणाला, "कोणाकडेच नाही, ते सगळ्या जगाला फुकट दिसतं." मग विकत घेणाऱ्याला काय दिसतं? "तेच." मग त्या शहाण्याला जास्तीचं काय मिळालं? "मालकी, मामा, मालकी! जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांत मिळून एक वही आहे, तिच्यात त्याचं नाव लागतं. कोणाच्या बापाला खोडता येत नाही." हाज्जा, मी हसलो तो खोकला लागेपर्यंत. कोपऱ्यावरच्या हम्दीच्या कढईत ताअमियाचा वडा पडला की वास अख्ख्या गल्लीला येतो. उद्या कोणी उठून त्या वासावर स्वतःचं नाव लावून घेतलं, तर त्याचं पोट भरेल का हम्दीचं? मी जन्मभर तांब्याला कथील चढवलं आहे. पातळ असतं, पण बोट फिरवलं तर लागतं. ह्यांच्या मालकीवर बोट कुठे फिरवायचं?

पण ते "खोडता येत नाही" मला त्या दिवशी जरा टोचलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही दोघी एकाच आईच्या मांडीवर शिकलात, तेव्हा तुम्हांला काय सांगायचं? वाचून झालं की तफीदा स्वतःच्या हातानं कप लगेच विसळायची. घरात पाहुणे ताटकळले तरी चालेल, पण वाचलेला कप तसाच राहायचा नाही. तो उघडा दरवाजा असतो म्हणायची, कोणीही आत शिरेल. वाईट काही दिसलं तर ते कधी तोंडातून काढायची नाही. फक्त म्हणायची, "आज कॉफी पातळ झाली," आणि नळाखाली धरायची. आणि ह्या गाढवानं एक्केचाळीस दरवाजे सताड उघडे ठेवून वर जगाला आमंत्रण धाडलं होतं.

गिऱ्हाईक एकच मिळालं. त्याचं नाव म्हणजे आकडे आणि अक्षरांची वीतभर माळ, म्हणून मी त्याला सद्गृहस्थ म्हणतो. त्यानं महिनाभरात सगळेच्या सगळे घेतले. पहिला घेतला तो फरगली न्हाव्याचा. त्या कपात काठापर्यंत गेलेला रस्ता होता आणि तफीदा त्याला म्हणाली होती, "फरगली, तू मुलाकडे कुवेतला जाणार." कप विकला त्याच आठवड्यात फरगलीचा तयार झालेला व्हिसा रद्द झाला. पुन्हा अर्ज केला, पुन्हा रद्द. तिसऱ्या खेपेला खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही तर जाऊन आलात की." फरगली म्हणाला, "साहेब, मी अजून तोंडसुद्धा धुतलं नाही." (सकाळी सहाची रांग होती.) इकडे सद्गृहस्थांचा हैसमला एका ओळीचा निरोप: प्रवास सुखाचा झाला.

मी म्हणालो, योगायोग. सरकारी खिडकीत याहून मोठे चमत्कार होतात. मग वरच्या मजल्यावरच्या रतीबाचं झालं. तिच्या कपात मासा होता आणि तिचा मुलगा मच्छीमार बोटीवर. कप विकल्यापासून त्याचं जाळं वर येतं ते धुतल्यासारखं स्वच्छ. शेवाळाचा धागासुद्धा नाही. रतीबा जिन्यावरून ओरडली, "इद्रीस, तुझ्या भाच्यानं माझा मासा खाल्ला!" आणि निरोप आला: मासे चविष्ट होते, काटे जरा जास्त. तेव्हाही मी योगायोगच म्हणालो, पण हाज्जा, त्या दिवशी मला माझाच आवाज पटला नाही.

आता तफीदाच्या स्वतःच्या कपाचं सांगतो. शेवटच्या सकाळी साडेसातला तफीदानं कॉफी घेतली, कप बशीवर उपडा केला, "जरा पडते, मग बघते" म्हणाली, आणि पडली ती पडलीच. तो निळ्या काठाचा कप चौदा महिने स्वयंपाकघराच्या फळीवर तसाच आहे. ना मी तो उचलला, ना विसळला. डावखुरी बाई, म्हणून कान डावीकडे. त्यात काय आहे ते तिनं पाहिलं नाही आणि मी तर असल्या बाबतीत निरक्षर. धूळ मात्र भोवतीनं रोज पुसतो.

एका दुपारी हैसम दुकानात आला, चेहरा नवसागर चोळल्यासारखा पांढरा. सद्गृहस्थ बेचाळिसावा कप मागत होते. "फळीवरचा. उपडा." मी म्हणालो, तूच बरळला असशील. तो आईची शपथ घ्यायला लागला. मग त्यानं फरगलीच्या कपाचा फोटो बोटांनी ताणून मोठा केला. पुढे कप, मागे आमची फळी, आणि फळीवर निळ्या काठाचा एक कप, बशीवर उपडा, कान डावीकडे. हाज्जा, तो फोटो तीन वर्षांपूर्वीचा. त्याच फोटोच्या कडेला तफीदाची फुलाफुलांची बाही दिसते. ती फरगलीला पाणी ओतून देते आहे. धुतलेले कप ती फडक्यावर आडवे ठेवायची. बशीवर उपडा करून फळीवर कधीच नाही.

अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी शहाणपणा दाखवायला गेलो. म्हणालो, "विकून टाक. तुझ्याच बोलण्याप्रमाणे विकून काही जात नाही ना? कप माझ्या फळीवर, चित्र सगळ्या जगाचं. बघू तरी हा भला माणूस काय घेऊन जातो ते." हैसमनं बाहेरून फोटो काढला, आतून नाही, कपाला मी हात लावू दिला नाही. तो विकायला ठेवून त्यानं बोट वर उचललं नाही तोच कप विकला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात ताज्या कॉफीचा वास. वेलदोडा घातलेल्या, तिच्या पद्धतीच्या. माझ्याकडे वर्षभरात वेलदोडा आलेला नाही. फळीकडे गेलो तर उपड्या कपाच्या काठाशी बशी ओली, कोमट, आत्ताच कोणी कप पालथा घातल्यासारखी. मी म्हणालो, समुद्राची दमट हवा. (अलेक्झांड्रियात मीठसुद्धा रडतं.) पण हवा रोज बरोब्बर साडेसातलाच कशी दमट होईल! हैसमनं मोबाईलमध्ये दाखवलं: तो कप रोज एकदाच पाहिला जात होता. साडेसातला.

खरं सांगू? पहिले काही दिवस मी घाबरलो, मग सवय झाली, मग मी साडेसातला दाढी करून तिथे स्टूल टाकून बसायला लागलो. कालची भांडणं, रतीबाचे टोमणे, सगळं त्या कपाला सांगायचो. वास विरेपर्यंत.

मग एका सकाळी कपाचा कान उजवीकडे होता.

घरात मी एकटा, दाराला आतून कडी. कोणीतरी उजव्या हातानं तो धरला होता. मला फरगलीचा रस्ता आठवला, रतीबाचा मासा आठवला. ह्याला जे हवं ते हा घेऊन जातो, आणि ह्याच्या हातात आता तफीदाची शेवटची वस्तू होती, तीही मीच हसत हसत दिलेली. मी तडक गेलो, लग्नाच्या जेवणावळींचा तो मोठा तांब्याचा हंडा विकला आणि पैसे हैसमच्या हातावर ठेवले. म्हणालो, "माझं ते काहीच-नाही मला परत आणून दे." हैसम म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणायचात त्याला किंमत नाही." मी म्हणालो, "नाहीच आहे. म्हणून तर दुसऱ्याकडे ठेवायचं नाही."

सद्गृहस्थांनी घासाघीस केली नाही, घेतलं त्याच भावात परत दिलं. सोबत एक ओळ: आज कॉफी पातळ झाली.

गल्लीत ते वाक्य पुष्कळांना ठाऊक आहे, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. तफीदा असं म्हणायची तेव्हा मी पुढे विचारायचो नाही. आताही विचारलं नाही.

तर अशी गंमत. एनएफटी म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मी आता अनुभवानं सांगू शकतो. कप माझा होता, मध्ये नव्हता, आता पुन्हा माझा आहे, आणि ह्या सगळ्यात फळीवरून काहीच हललं नाही. कान मी हात न लावताच परत डावीकडे आला आहे. मी खुशाल आहे. कबुतरांना, सनिय्याला आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना जपा.

आपला,
इद्रीस कल्हईवाला

ता. क. : परत घेतल्यापासून आज नववा दिवस. बशी कोरडी आहे. वास येत नाही. मी साडेसातला हैसमच्या मोबाईलमध्ये स्वतः बघून पाहिलं, दोनदा, चष्मा लावून. कप ज्याच्या फळीवर, त्यानं स्वतः पाहिलेलं चालत नाही असं दिसतं.

दुसरा ता. क. : पत्राला विशेष कारण नाही असं वर लिहिलं, तिकडे लक्ष देऊ नका. तुमच्या सनिय्याच्या मोबाईलवर हैसम तो कप तुमच्या नावानं करून देईल. फुकट, बहिणीची वस्तू बहिणीकडे. परक्या माणसाची मला भीती वाटते, तुमची वाटत नाही (पूर्वी वाटायची). तुम्ही फक्त रोज सकाळी साडेसातला, पहिला घोट घ्यायच्या आधी, एकदा त्याच्याकडे बघायचं. बाकी काही करायचं नाही. मी इकडे स्टूल टाकून बसतो.

तिसरा आणि शेवटचा ता. क. : बघा, पण वाचू नका. तुमच्या डोळ्यांना बाहेरूनसुद्धा आतलं दिसतं, हे मला माहीत आहे. चुकून वाचलंतच तर मला कळवू नका; आणि अगदी कळवावंच लागलं, तर एवढंच लिहा की आज कॉफी पातळ झाली.