आठव्या घराचा कागद

नरपड,
गुरुवार

प्रिय निलम,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

आमच्या वाडीतल्या चिकूच्या शेडमध्ये तू मांडलेली धनेशची घरं बघायला रोज माणसं येतात. बांबू आणि पांढऱ्या दोऱ्यांच्या भिंती, पण घरं खऱ्या मापाची. चिकू तोडायला येणारी शुक्री म्हणाली, मावशी, ही घरं का मासे धरायची जाळी? सगळे हसले. पण तीसुद्धा दोऱ्याखालून वाकून गेली नाही, दारानेच आत-बाहेर झाली. मी उंबऱ्याशी चपला काढल्या. माझ्या मुलाचं एकही घर उभं राहिलं नाही, आणि तो गेल्यावर दोन वर्षांनी मी त्याच्या सात घरांत फिरले. तू त्याच्या वर्गातली, कॉलेजातल्या त्याच्या नकाशांच्या प्रती जपल्यास म्हणून.

आठवी जागा तू रिकामी ठेवलीस. त्याच्या वहीत नुसतं नाव आहे, 'आईचं घर'. कागद कुठे असेल, असं तू विचारलंस आणि मी माहीत नाही म्हटलं. रोज पोथी वाचणारी बाई मी, तुझ्याशी खोटं बोलले.

त्या हंगामात खोक्यांत घालायला रद्दी कमी पडली. धनेश शिकून घरी बसला होता, दिवसभर रेघा मारायचा. मी त्याच्या टेबलावरचे मोठे कागद उचलले आणि चिकूखाली अंथरले. तो आला, त्याने बघितलं. माझ्या शेजारी बसून खोक्यांना चिकटपट्ट्या लावू लागला. मीच बोलत राहिले, की तलासरीला कुणाच्या कारखान्याची शेड बांधतायत, देखरेखीला माणूस हवाय, रेघांनी पोट भरत नाही. सोमवारी तो कामावर गेला. चौथ्या महिन्यात तिथला स्लॅब पडला. पुढचं तुला ठाऊक आहे.

आठवा कागदही चिकूच्या खोक्यांबरोबर दिल्लीच्या गाडीतून गेला, असंच मी धरून होते. काल एकादशीचे देव घासायला काढले. त्यांच्याखाली त्या कागदांतलाच एक जाड बघून मी घातला होता, कोरी बाजू वर करून. काल उलटला. स्वयंपाकघर आहे. ओट्याच्या उंचीपुढे त्याने लिहिलंय, आईच्या कोपराइतका. एकदा मी भाकरी थापत असताना हा टेप घेऊन आला होता, आणि तव्यावरची करपते म्हणून मी त्याला हाकलला होता.

हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. कागद सोबत पाठवतेय, घडी घातली नाही, गुंडाळलाय. तेलाचे, कुंकवाचे डाग पुसू नकोस. रविवारी तू सगळं सोडवून नेणार. त्याआधी हे एक घर उभं कर. दोरा कमी पडला तर हारांचा माझ्याकडे आहे. ओटा मात्र त्याने लिहिलाय तेवढाच ठेव. मला एकदा तिथे उभं राहायचंय.

तुझीच मावशी,
धनेशची आई