चित्र झाकल्यावर

ता. ३ सप्टेंबर

शाळेचा कागद सही करून पाठवायला दिला होता, रेघोट्या मारून परत पाठवायला नव्हे. वर सुनेच्या अक्षरात लिहवून घेतलंस काय, तर "माझी मुलगी मठ्ठ नाही." अरे, मठ्ठ म्हणालं कोण? शाळा नाही, मी नाही. तूच म्हणालास.

चि. दादूस अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझ्या लेकीची जीभ चालते, म्हणजे सगळं ठीक. आता कामाचं ऐक. शाळेत आधी सगळा वर्ग एकत्र वाचतो. जी पोरं अडखळतात ती पाच-पाच जण वाचनाच्या बाईंच्या गोल टेबलाशी बसतात. आपली ठिणगी तिथे सहा आठवडे बसली. बाई दर आठवड्याला एक मिनिट वाचून घेतात आणि कागदावर एक ठिपका देतात. बाकीच्यांचे ठिपके वर चढले, हिचे जमिनीला चिकटले. आता तिसरी पायरी: रोज अर्धा तास बाई आणि ती, दोघीच. जागा एकच आहे. वीस तारखेपर्यंत बापाची सही आली नाही तर ती दुसऱ्या पोराला जाईल. बाई म्हणाल्या, सात वर्षांच्या पोरीला हे सहज जमतं, दहाव्या वर्षी फार जड जातं.

नवा कागद सोबत आहे. याच्यावर चित्रकला नको.

तुझी आई

ता. ९ सप्टेंबर

ती. आईंना सा. न. वि. वि.

यांचा हात अजून दुखतो, म्हणून मीच लिहिते, शब्द यांचे. हे म्हणतात, आईनेच नातीला अशी नावं ठेवावीत याचं नवल वाटतं. ठिणगी अख्खं पुस्तक घडाघडा वाचते, असं तुम्हीच उन्हाळ्यात कळवलं होतं ना? मग तीन-चार महिन्यांत काय बिघडलं? एकदा वेगळं बसवलं की पोरं चिडवतात आणि तो शिक्का जन्मभर पुसत नाही. यांनी ते शाळेत भोगलंय. सही होणार नाही. फार झालं तर शाळा बदलू, असं म्हणतात.

बाळाला दात येताहेत, रात्रंदिवस रडतो. त्याला घेऊन मला तिकडे येता येत नाही, याची रुखरुख लागते. पत्र यांना वाचून दाखवून बंद करते. रागावलात तरी आमच्यावरची माया आटू देऊ नका.

आपली सून

ता. १३ सप्टेंबर

चि. दादूस आशीर्वाद. वि. वि. हे पत्र लिहायला दोन दुपारी गेल्या, तेव्हा नीट ऐक.

घडाघडा वाचते असं मी लिहिलं होतं, खरं आहे. मीही फसले, आणि फसवायला शिकवलं तेही मीच. परवा बाईंनी मला समोर बसवलं. पोरीने नेहमीचं पुस्तक ओळीवर बोट फिरवत म्हणून दाखवलं. मग बाईंनी चित्रावर पुठ्ठा ठेवला आणि त्याच गोष्टीतले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट मांडले. ठिणगीने त्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवत मूळचीच गोष्ट म्हटली, एक शब्द न चुकता! पुस्तक सगळं पाठ. अक्षरांची ओळखच नाही.

संध्याकाळी ती वाचायला बसली की पहिली ओळ मी सांगायचे. अडली की म्हणायचे, चित्र बघ, माझ्या तोंडाकडे बघ, पहिलं अक्षर धर आणि ठोकून दे. माझं सगळं आयुष्य त्याच्यावर निघालं, तुझंही. तू लहान असताना मला तरी कुठे वाचता येत होतं? मला अक्षरं लागली चाळिशीत, पुड्यांच्या कागदांवरून. तोवर तू माझी विद्या घेऊन शाळेबाहेर पडला होतास.

आणि गेल्या वर्षी काय झालं? कारखान्यात मशीनवरची पाटी बदलली. तू लाल रंग बघून जुनीच धरलीस आणि हात घातलास. बोट गेलं. सुनेने हात दुखतो म्हणून लिहिलं. दादू, बोट तुझ्या डाव्या हाताचं गेलंय.

हे तुला वाचून दाखवणाऱ्या सुनेखेरीज मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पण पोरीच्या हाताला दहा बोटं आहेत आणि ती दहाच राहायला हवीत. कागद तिसऱ्यांदा पाठवते. आणि पोरीला चिठ्ठी लिही, चार शब्द का असेनात, तुझ्या उजव्या हाताने. बापाच्या चिठ्ठीसाठी ती भिंतसुद्धा वाचेल.

जीव तुटतो म्हणूनच जीभ चालते, हे विसरू नकोस.

तुझी आई

ता. १८ सप्टेंबर

आईस नमस्कार.

सही केली. टपालाने कागद वेळेत पोचणार नाही, म्हणून ट्रकवाल्याच्या हाती देतो. मला लिहायला वेळ लागतो. आत ठिणगीची चिठ्ठी आहे. ती घडी तू उघडू नको. कळलं तर तू तिला सांगशील.

दादू

ता. २० सप्टेंबर

चि. दादूस आशीर्वाद. तुझा ट्रकवाला वाटेत झोपला होता काय? कागद हातात पडला तेव्हा शाळा सुटायला दहा मिनिटं होती. या गुडघ्यांनी मी कशी पोचले ते मलाच ठाऊक. बाई कपाट बंद करत होत्या. सही बघितली, वहीत ठिणगीचं नाव घातलं. सोमवारपासून सुरू.

मग शाळेच्या पायरीवर पोरीने तुझी घडी उघडली. चित्र नाही, काही नाही. "माझ्या बुटात" इथवर पोचायलाच घाम फुटला. पुढे ठोकून दिलं, "पाय." माझ्या तोंडाकडे बघितलं. मला कुठे ठाऊक होतं काय लिहिलंय! मी भिंतीकडे तोंड करून, जीभ दाताखाली धरून बसले. असली शिक्षा मला जन्मात कुणी दिली नव्हती. केवढा वेळ गेला! शिपायाने फाटक लावून घेतलं. मग पाठीमागून आलं, "बे... डू... क." आणि एवढ्या मोठ्याने हसली की शिपाई फाटक उघडून बघायला आला.

बुटात बेडूक! तुझं डोकं अजून ठिकाणावर आहे म्हणायचं.

आता तिला बेडकाचं पुढे काय झालं ते हवंय. उत्तर तिच्या नावे लिही, मला नको. आणि तूच लिही. सुनेचं अक्षर दिसलं तर पाकीट न फोडता परत पाठवीन.

तुझी आई