खालच्या पार्किंगचा शेवटचा हिवाळा

हार्लो, मेन
२४ मार्च

प्रिय मिरेय,

तुझं पत्र मिळालं, संत्र्यांची पेटीही मिळाली. वाटेत चारदोन दबली होती, पण चवीला अगदी साखर. निम्मी मी खालच्या पार्किंगमध्ये वाटून टाकली. एमरीने सालं ट्रकखाली फेकली आणि वर म्हणतो कसा, "वाळवंटातून फळं पाठवते बाई, स्वतः यायचं काही नाव नाही." तुझी आठवण येते असं सरळ बोलला तर तो एमरी ड्विनल कसला!

तिकडची कोरडी हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली, हे वाचून बरं वाटलं. सुनेशी जुळवून घे. तिला आपले बीन्स आवडत नसतील तर नसोत, दर शनिवारी मडकं चढवायचा हट्ट धरू नकोस. इथे दिवसा वितळतंय, रात्री पुन्हा गोठतंय. मॅपलचा रस उतरायला लागलाय. आपल्या स्कीच्या डोंगरावर बर्फ यंदा छान झाला म्हणतात.

आता तू विचारलेलं. "पायथ्याच्या त्या नव्या बांधकामाचं काय झालं? तू बोललीस की नाही? त्यांना आपलं पार्किंग घेऊ देऊ नकोस, ओडील," असं तू दोनदा लिहिलंयस, दुसऱ्यांदा अधोरेखित करून. उत्तर द्यायला उशीर केला. का केला ते पुढे कळेल.

डोंगर चालवणाऱ्या कंपनीने पायथ्याच्या लॉजमध्ये, आपण बूट बदलतो तिथे, मोठं चित्र लावलं होतं. सात मजल्यांचं हॉटेल, दुकानं, काचेचा पोहण्याचा तलाव, वर जायला बंद डब्यांची लिफ्ट. हे सगळं आपल्या खालच्या पार्किंगवर. म्हणजे जिथे आपण ट्रकचं मागचं फळकूट पाडून शेगडी पेटवायचो, लाल सॉसेजेस भाजायचो, आणि तुझा नवरा, देव त्याला सुखात ठेवो, अकॉर्डियन काढून सगळ्यांना पिडायचा, बरोब्बर तिथे. चित्रात आपल्या जागी एक सडपातळ बाई पांढऱ्या कुत्र्याला फिरवत होती. एमरी रोज तिच्यासमोर उभा राहून म्हणायचा, "हिला थंडी कशी वाजत नाही?"

ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. लिफ्टच्या रांगेत, बूट घालताना, सूप पिताना. बॉस्टनहून शनिवार-रविवार येणारे खूश होते. त्यांना पहाटे चार तास गाडी हाकायला नको. शाळेत काम करणारी शॅना, ती दोन मुलांना दोरीने बांधल्यासारखी मागे घेऊन उतरते ती, तिने आमच्या शेगडीपाशी येऊन सरळ सांगितलं, "तुम्हाला जागा जाईल म्हणून वाईट वाटतंय, मला कळतं. पण माझा नवरा कामासाठी रोज लुईस्टनला जातो. इथेच काम मिळालं तर माझी मुलं बापाचं तोंड उजेडात बघतील."

एमरी म्हणाला, "हॉटेलात चादरी बदलायचं काम?"

"चादरी तर चादरी," शॅना म्हणाली. "तुम्ही लाकूड वाहायचे ट्रक चालवलेत तेव्हा कुणी हसलं होतं?"

त्यावर एमरीने तिला सॉसेज दिलं. हरला की तो खायला देतो.

बांधकामाला परवानगी देणाऱ्या गावच्या मंडळाची सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती. आपल्या गटाने ठरवलं, बोलायचं ओडीलने. वयाने मीच मोठी, आणि मला कुणी हुसकावून लावणार नाही. मी चांगलं दोन पानी भाषण लिहिलं होतं. सावलीचा मुद्दा होता, दुपारी हॉटेलची सावली पडून सगळा ढाळ काचेसारखा कडक होईल, हा. ओढ्याचा मुद्दा होता. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

माझं नाव पुकारलं. उभी राहिले, चष्मा लावला, कागद वर धरला.

मिरेय, मला एक अक्षर दिसलं नाही.

तिथला उजेड कमी होता, असं तुला लिहावं म्हणून चार वेळा पत्र सुरू केलं आणि फाडलं. उजेड पुरेसा होता. घरी खिडकीपाशी भिंग धरून मी तुझं पत्र वाचते, तेही कडेकडेने. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातोय. डॉक्टर म्हणतात, पूर्ण आंधळी नाही होणार, पण मधलं जे गेलं ते गेलं. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी धुकं असतं आणि कान स्वच्छ दिसतात. तुला हसू येईल. मलाही येतं, कधीकधी.

तर मी उभी होते आणि सगळे थांबले होते. कुणीतरी खोकलं. मी कागद घडी करून कोटाच्या खिशात टाकला आणि जे तोंडाला आलं ते बोलले.

म्हणाले, "मी इथे नको म्हणायला आले होते. हॉटेल मला अजूनही नको आहे. पण खरं सांगते, मी या हिवाळ्यात एकदाही स्की घातलेली नाही. मला दिसत नाही. मी येते, एमरीच्या ट्रकमध्ये बसते, आणि लोक खाली येतात ते ऐकते. पार्किंगपासून लॉजपर्यंतच्या त्या गोठलेल्या पायऱ्या मला चढवत नाहीत. तुमच्या चित्रात एकही म्हातारा माणूस नाही. या गावात मात्र दुसरं कुणी फारसं उरलेलं नाही. तुम्ही आमचं मत विचारता ना? मग ऐका. मजले कमी करा, दुपारचं ऊन ढाळावर पडू द्या. पार्किंगची ओढ्याकडची कड आमच्या शेगड्यांना ठेवा. आणि पायऱ्यांऐवजी सपाट, छप्पर असलेली वाट करा. एवढं दिलंत तर मी विरोध करणार नाही. या शॅनाच्या नवऱ्याला इथे काम मिळालं तर मला आनंदच आहे."

मागून आवाज आला, "विकली गेली म्हातारी!" तो एमरीचा नव्हता.

घरी मला एमरीच सोडणार होता. मी आता गाडी चालवत नाही, हेही तुला लिहिलं नव्हतं; एमरीला मी कंबरेचं कारण सांगितलं होतं. ट्रकमध्ये बसलो. त्याने इंजिन सुरू केलं, बंद केलं.

"डोळे. कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली असतील."

"म्हणजे गेल्या हिवाळ्यात तू आमच्याबरोबर उतरत होतीस ती..."

"मिरेयच्या मागून," मी म्हटलं.

आता हे तुला सांगायलाच हवं. तुझं ते भडक नारिंगी जॅकेट, ज्याला मी शिकाऱ्याचा तंबू म्हणायची, ते हलत असेल तोवर मला डोंगर कळायचा. तू वळलीस की मी वळायची. तू खाली बसल्यासारखी झालीस की मला समजायचं, पुढे उंचवटा आहे. तू म्हणायचीस, "ओडील, तू एवढी चिकटून का येतेस गं, पुढे जा की!" आणि मी म्हणायची, "तुझी जिरवायला." तुला सांगितलं असतं तर तू तिकडे टूसानला गेली नसतीस. मुलगा बोलावत होता, गुडघे गेले होते, आणि तू माझ्यासाठी या थंडीत कुढत राहिली असतीस. म्हणून नाही सांगितलं. आणि मागच्या पत्रांतून तुला कळवलेला सगळा भुसभुशीत बर्फ, ती वरच्या जंगलातली उतरण, तो सूर्य, सगळं एमरीकडून ऐकलेलं आहे. त्याला वर्णन करता येत नाही, ते मी पदरचं घातलं.

एमरीने एवढंच विचारलं, "तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिला लिही. मग मी तुझ्याशी बोलेन."

आणि खरंच बोलला नाही! पण नंतरच्या बुधवारी सकाळी दारात उभा. माझे स्कीचे बूट त्याने आदल्या दिवशी पडवीतून न विचारता उचलून नेले होते, आतून गरम करून आणले होते. म्हणाला, "पत्र गेलं?" मी म्हटलं, "अजून नाही." म्हणाला, "खोटारडी ती खोटारडीच. चल."

मी नको म्हटलं. घाबरले होते, मिरेय. पण त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा डोंगरावरून पडणं सोपं.

जुन्याच खुर्चीच्या लिफ्टने वर गेलो. वर पोचल्यावर तो म्हणाला, "मी पुढे. तुला कसं कळेल मी कुठे आहे?"

मी म्हटलं, "तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"हॉटेलबद्दल बोल."

मग काय! त्याने आर्किटेक्टपासून सुरुवात केली. पहिल्या वळणावर पोहण्याचा तलाव, दुसऱ्यावर त्या पांढऱ्या कुत्र्याची बाई, "डावीकडे! आणि कॉफीला आठ डॉलर, आठ! उजवीकडे, म्हातारे, उजवीकडे!" सगळा डोंगर ऐकत होता. मी त्या शिव्यांच्या मागोमाग उतरले. पाय सगळं जाणत होते गं. एकदा पडले, हसत पडले. खाली शॅना उभी होती, तिने मला धरलं, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. एमरी बाजूला उभा राहून आभाळाला म्हणाला, "मला अजून हॉटेल मान्य नाही, हे लक्षात असू द्या."

मंडळाचा निर्णय गेल्या आठवड्यात आला. बांधकाम होणार. मजले पाच. सपाट वाट देणार आहेत, ती चित्रातही काढलीये म्हणे. ओढ्याकडची कड मिळाली, पण सहाएक ट्रक उभे राहतील एवढीच. एरवी आपण किती पसरायचो! आपल्यातले दोघेजण माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यातला एक बाजारात मला पाहून दुसऱ्या रांगेत जातो. मला तो दिसत नाही, पण त्याचा खोकला मला ओळखू येतो. वाईट वाटतं. मी बरोबर केलं की नाही, कोण जाणे. तू त्या दोघांच्या बाजूची असशील तर तसं लिही, मी सोसेन. जरा मोठ्या अक्षरात मात्र लिही.

बर्फ गेला की खालचं पार्किंग खणायला घेणार. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी सगळे शेगड्या घेऊन जमणार आहेत, न बोलणारेसुद्धा. तुला बोलवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. विमानाचा त्रास, गुडघे, नातीची परीक्षा, सगळं मला कळतं. पण सगळं कळणं आता पुरे झालं.

ये, मिरेय. स्की नको करूस. माझ्या शेजारी ट्रकच्या फळकुटावर बस, आणि डोंगरावरून कोण कसं उतरतंय ते मला सांग. एमरीला वर्णन करता येत नाही.

तुझ्या मागून उतरलेली, आणि तुला न सांगितलेली,

तुझी
ओडील