इस्त्री न केलेल्या कविता

चष्मा डोक्यावर आहे, लेका. आधी तो डोळ्यांवर घे. आणि हा कागद कुठे ठेवलास ते निदान संध्याकाळपर्यंत लक्षात ठेव.

मी, इस्त्रीवाली म्हातारी, अक्षरओळख नसलेली पण पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, रोज इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाईंकडून हे मृत्युपत्र लिहून घेत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करायला वेळ मिळेल, असे डॉक्टरांचे तोंड बघून वाटत नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलास. खिडकी तिरकी बसवली म्हणून सुताराशी धरलेला अबोला माझ्याबरोबर संपला. खिडकी मात्र तिरकीच आहे.

२. कोळशाची इस्त्री सुनेस. तिच्यात रोप लावून शोभेला ठेवायची नाही.

३. खाटेखालचे खोके. त्यात माझ्या नातीचे पहिले पुस्तक आहे, कवितांचे. न खपलेल्या प्रती. रद्दीत घालू नयेत. इथे जरा सविस्तर लिहा, नर्सबाई.

पुस्तक आले तेव्हा मुलाने मला ते वाचून दाखवले. ऐकायला गोड होते: आईचे हात, नदीकाठ, आठवणी. मी नातीला फोन केला, "ठमे, किती सोप्पं लिहिलंयस गं! ती आईच्या हातांची तर मनातच बसली." तर ती म्हणाली, "आजी, तूसुद्धा?" पेपरात कोणा शहाण्याने या पुस्तकातले काहीच कळत नाही असे छापले होते. तिला वाटले, मीही टोमणा मारला. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. लिहिणेही सोडले म्हणे.

परवा नर्सबाईंनी पुस्तक उघडले. त्यात आईचे हात नाहीतच. आहे ते असे:

पाणी उभं आहे
मला बसायला सांगून

मी मुलाला हाक मारली. तो म्हणाला, "आई, तुला कळलं नसतं."
"तुला कळलं होतं का?"
"नाही."
"मग दोघं मिळून न कळून घेतलं असतं रे!"

लेकाने मायेने कवितांवर इस्त्री फिरवली.

मला अजून अर्थ लागलेला नाही. पण आता पाण्याचा पेला हातात घेतला की पिणे राहून जाते. पाणी आणि मी, यात घरचे कोण आणि पाहुणे कोण, ते ठरत नाही. शेवटच्या कवितेत एक ओळ अर्ध्यावर सुटते. तिथे नर्सबाई थांबल्या आणि मला माझा श्वास ऐकू आला. जन्मभर मी लोकांच्या सुरकुत्या काढल्या. ही पोरगी सुरकुती तशीच ठेवून म्हणते, बघा. हे तिला माझ्या तोंडून ऐकू दे. मला दुसरे काही नको.

४. इस्त्रीचे टेबल नातीस. त्यावर तिने लिहावे. जळका डाग पुसू नये.

५. मुलाने स्वतः तिच्या दारात जाऊन सांगावे की त्या गोड कविता त्याच्या होत्या. चारदा "हो" म्हणालास आणि चारदा विसरलास. विसरला नाहीस, लाजतोस. लाज नंतर. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, ठाऊक आहे मला. हे आजच उघडायचे. ती शेवटची कविता मला तिच्या आवाजात हवी आहे, आणि माझा दम आता जिन्यावरच्या पाहुण्यासारखा झालाय, निघतो निघतो म्हणतोय.

वाचून ऐकवले, मान्य आहे, म्हणून अंगठा उठवला.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही); डॉक्टर (सही, नेहमीसारखी न लागणारी)
लिहून घेणार: नर्सबाई
स्थळ: टेबलाशेजारची खाट
दिनांक: आजचा मंगळवार, आकडा नर्सबाई घालतील.

ता. क. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, रुसली की ती जेवत नाही. उकडलेले बटाटे ने. अख्खे, सालासकट, मीठ वेगळ्या पुडीत. कुस्करून नेऊ नकोस. तिचे ती बघेल.