उंबराखालचा आवाज

बदलापूर, रविवार, ९ मे १९९३

उल्हासनगरहून सेकंडहँड आणलेला मेटल डिटेक्टर आज चामटोलीला, आमच्या जुन्या गावच्या ओढ्यावर चालवून पाहिला. वाळूत सोनं आहे म्हणतात. लोखंडावर मशीन खरखरतं आणि सोन्यावर बारीक ऊंऽ करतं, असं दुकानदाराने शिकवलं होतं. दुपारभर नुसती खरखर. वैतागून उंबराखाली टेकलो, आणि एकदम ऊंऽ. बारीक, लांबट. खणायला वाकलो तर मोळी घेऊन चाललेली बाई ओरडली, "नको रे बाला, तिथं पोरं पुरलीत!" मशीन बंद केलं तरी तो ऊंऽ कानातून जाईना. भासच असणार. असेल ना?

घरी आईला उगाच सांगितलं. हातातली भाजी तशीच ठेवून ती म्हणाली, "उंबराखालीच ठेवली तुझ्या थोरल्या बहिणीला. बारसंही झालं नव्हतं. तोंडात माझ्या मंगळसूत्रातला सोन्याचा मणी घातला होता."

मला बहीण होती, हे मला आज कळतंय!

मग तिने हळूच विचारलं, "आवाज कसा आला रे?"

मी तोंडाने ऊंऽ करून दाखवलं.

"हो," आई म्हणाली, "अशीच रडायची."