गाडीच्या पाठीवरची अक्षरं

३ मार्च, सोमवार

पडलंच शेवटी! गाडीच्या मागच्या नावातलं मधलं अक्षर. पार्किंगमध्ये चाकापाशी सापडलं. उरलेलं नाव अगदी बोळक्या तोंडासारखं दिसतंय. लेकीला फोटो पाठवला. म्हणाली, “आई, सगळीच काढून टाक. हल्ली लोक मुद्दाम काढतात. गाडी कशी सुटसुटीत दिसते!”

ह्यांना विचारलं तर ‘असू दे’ म्हणणार. आधी करायचं, मग सांगायचं — एवढ्या वर्षांच्या संसारात हेच शिकले.

४ मार्च, मंगळवार

हे केस कापायला गेले आणि मी खाली उतरले. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढली, हेअर ड्रायर लावला. वॉचमन म्हणतो, “काकू, गाडीने डोकं धुतलं का आज?” हसायला काय जातं त्याचं!

अक्षर गरम झालं की मागून दोरा घालायचा आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढायचा. शिवणाचा दोरा दोनदा तुटला. मग पडद्याचा नायलॉनचा आणला — तो टिकला. एकेक अक्षर टपकन हातात! पण खाली काळा चिकट गोंद तसाच. लेकीने बजावलं होतं, “सुरी लावू नकोस, रंग जाईल.” अंगठ्याने चोळत बसले. मळासारख्या वळकट्या निघतात. अंगठा सोलवटला, पण मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

५ मार्च, बुधवार

राहिलेल्या गोंदावर निलगिरीचं तेल. थोडा वेळ मुरू दिलं आणि जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने हलके ढकललं — लोण्यासारखं निघालं. मग साबणाचं पाणी, मग पॉलिश. हात फिरवला तर कुठे काही लागत नाही! अर्धा तास नुसती बघत उभी होते.

ह्यांना सांगितलं नाही. बघू, कधी लक्षात येतं ते.

६ मार्च, गुरुवार

हे सकाळी गाडी घेऊन बाजारात गेले. खूप उशिरा आले. शर्ट घामाने चिंब. “गर्दी होती,” एवढंच. गाडीबद्दल चकार शब्द नाही. मी एवढी राबले आणि साधं लक्षही जाऊ नये! रुसलेच मी.

वर आणि स्टूल जागेवर नव्हतं म्हणून माझ्यावरच ओरडले. हल्ली फारच झालंय ह्यांचं. मीठ इथेच, चष्मा तिथेच, स्टूल भिंतीलाच. वय झालं की माणूस असा काटेकोर होतो की काय?

८ मार्च, शनिवार

सगळं लिहून ठेवते.

आज दोघं बाजारात गेलो. मी औषधाच्या दुकानात थांबले, हे पिशव्या घेऊन गाडीकडे गेले. दुकानाच्या काचेतून दिसत होते. रांगेने उभ्या गाड्या. हे प्रत्येक गाडीच्या मागे थांबत, इकडे-तिकडे बघत आणि हळूच तळवा फिरवत. नावावरून! एक गाडी, दुसरी, तिसरी. मग आपली आली. तळवा गुळगुळीत पत्र्यावरून फिरला — आणि हे पुढे गेले. आपल्याच गाडीला सोडून पुढे! रांगेच्या टोकाला पिशव्या घेऊन नुसते उभे राहिले. चुकलेल्या पोरासारखे.

मी धावत गेले. “अहो, ही काय आपली!”

“हो, हो. ऊन आलं डोळ्यांवर.”

ऊन कुठलं! आभाळ भरलेलं होतं.

मी म्हटलं, “मला चक्कर येतेय. रिक्षाने जाऊ. गाडी राहू दे इथेच.” एका शब्दानेही विरोध केला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. मग, “अक्षरं कुठे गेली?”

“मी काढली.”

“सांगायचंस तरी.”

“आणि तुम्ही? तुम्ही सांगायचं नव्हतं?”

मग बोलले. वर्ष झालं म्हणे. आधी धुकं, मग दिव्यांभोवती कडी. नंबर वाचता येत नाहीत, म्हणून नावावर हात फिरवून गाडी ओळखायची; परवा रांग रिकामी झाली तेव्हा कुठे सापडली. “बाबांचं असंच सुरू झालं होतं, माहितीये ना तुला.” माहितीये. सासरे शेवटची बारा वर्षं भिंतीला हात लावून चालायचे.

“डॉक्टरांकडे का नाही गेलात?”

“काय ऐकायला जायचं?”

दुपारी मी झोपले की डोळे मिटून घरात फिरायचे. सवय व्हावी म्हणून! म्हणून ते स्टूल, म्हणून ते मीठ.

मला रडू यायला हवं होतं. राग आला. “आणि पुढच्या रविवारी ह्याच गाडीतून लेकीला आणि तान्ह्या बाळाला आणायला निघाला होतात? हायवेने?”

“ओळखीचा रस्ता आहे,” म्हणाले. मग स्वतःच खाली बघितलं. किल्ली टेबलावर ठेवली. ठेवली ती बरोबर नेहमीच्या जागी.

९ मार्च, रविवार

गाडी भावाने आणून लावली. लेकीला आणि बाळाला जावईच आणून सोडणार. तिला एवढंच सांगितलं की, बाबांची पाठ धरलीय.

हे जेवले नाहीत. मीही नाही.

१० मार्च, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ मिळाली. “चला” म्हटलं. नाही म्हणाले. मी म्हटलं, “मग मीही उद्यापासून डोळे मिटून फिरते. दोघं धडपडू.” तेव्हा जरासे हसले. “येतो,” म्हणाले.

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई डोळ्यांत दिवा टाकून खूप वेळ बघत होत्या. ह्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली.

“काका, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, बराच वाढलाय. मागचा पडदा ठणठणीत आहे. ऑपरेशन केलं की दिसेल.”

मी सासऱ्यांचं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्यांचं वेगळं असणार. ह्यांचा हा मोतीबिंदूच.”

हे म्हणाले, “परत सांगा.”

त्यांनी परत सांगितलं.

मग मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, “आता एकदा मला सांगा.”